मार्कर पॉझिटिव्ह आला, पण खरा आला का?

गाठीचा तुकडा तपासायला गेला की पहिला रिपोर्ट येतो तो बायोप्सीचा. मग बहुतेक वेळा डॉक्टर सांगतात, "आता मार्कर लावून बघू." काही दिवसांनी दुसरा कागद हातात पडतो. त्यावर ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७, टीटीएफ-१ अशी नावं असतात आणि प्रत्येकापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहिलेलं असतं. या तपासणीचं पूर्ण नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. बोलताना सगळे आयएचसी म्हणतात. गाठ मुळात कुठल्या अवयवातली, कुठलं औषध लागू पडेल, हे पुष्कळदा या एका कागदावर ठरतं. हा लेख रुग्णांसाठी आणि त्यांच्याबरोबर धावपळ करणाऱ्या घरच्यांसाठी आहे. कागदावर पॉझिटिव्ह लिहिलंय ते खरोखर पॉझिटिव्ह आहे ना, याची खातरजमा कशी करायची, एवढंच यात सांगायचं आहे.

शंका घ्यायला कारण आहे. स्तनाच्या कॅन्सरमधलं हर-टू घ्या. साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत हे प्रथिन पेशीच्या आवरणावर फार मोठ्या प्रमाणात असतं आणि त्यांना ट्रास्टुझुमॅब या औषधाचा खूप फायदा होतो. अमेरिकेत १९९८ मध्ये हे औषध मंजूर झालं. पुढे शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारात त्याचा उपयोग तपासायला बी-३१ नावाचा मोठा अभ्यास तिथे सुरू झाला. त्यात घेतलेल्या स्त्रियांचं हर-टू आपापल्या भागातल्या लॅबमध्ये पॉझिटिव्ह आलेलं होतं. सुरुवातीच्या १०४ जणींचे नमुने मध्यवर्ती लॅबमध्ये पुन्हा तपासले तेव्हा त्यातल्या १८ टक्के निकालांना दुजोराच मिळाला नाही. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. कॅन्सरतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्या तिथल्या दोन मोठ्या संघटनांनी २००७ मध्ये एकत्र येऊन हर-टू तपासणीचे नियम घालून दिले, त्यामागे ही अस्वस्थता होती. नियम आल्यावर परिस्थिती पुष्कळ सुधारली. पण ती सुधारली ती नियम पाळणाऱ्या लॅबमध्ये.

चुकीचा पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय होतं? बाईला वर्षभर, बहुधा दर तीन आठवड्यांनी, सलाइनमधून असं औषध मिळत राहतं, जे तिच्या गाठीला लागूच पडणार नसतं. ते हृदयाची ताकद कमी करू शकतं, म्हणून अधूनमधून टूडी एको करावा लागतो. शिवाय पैसा. भारतात तयार होणाऱ्या बायोसिमिलर औषधांमुळे किंमत पूर्वीपेक्षा उतरली आहे, तरी मध्यमवर्गीय घराला सुद्धा हा खर्च जड जातो. इतकं सगळं एका तपकिरी रंगाच्या भरवशावर चाललेलं असतं, म्हणून तो रंग येतो कुठून हे थोडं समजून घेऊ.

तुकड्यावर प्रक्रिया करून तो मेणात बसवतात. हा झाला ब्लॉक. त्याच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापून काचेच्या स्लाइडवर घेतात. नेहमीच्या बायोप्सीत त्या गुलाबी-जांभळ्या रंगवतात आणि पेशींची ठेवण पाहतात. आयएचसीत त्या चकतीवर विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी घालतात. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिला चिकटणारं दुसरं द्रव्य घालतात, ज्यावर पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम जोडलेलं असतं. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डॅब हे रसायन घातलं की एन्झाइम जिथे असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. अँटिबॉडीला असं एन्झाइम जोडायची पद्धत नाकाने आणि पिअर्स यांनी १९६६ मध्ये मांडली. आजही जगभरातल्या बहुतेक लॅब त्याच पायावर काम करतात.

आता यातली मेख बघा. रंग उमटतो तो एन्झाइममुळे. प्रथिन तिथे आहे की नाही, हे रंगाला थेट कळत नाही. म्हणजे एन्झाइम दुसऱ्या कुठल्या कारणाने तिथे असेल, किंवा अँटिबॉडी उगाच कुठे अडकून बसली असेल, तरी स्लाइड तपकिरीच दिसणार.

आणि अशी कारणं पुष्कळ आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशी यांच्यात पेरॉक्सिडेजसारखं काम करणारी द्रव्यं मुळातच असतात. अँटिबॉडी घालण्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ती निकामी करावी लागतात. ही पायरी घाईत झाली की रक्ताळलेल्या तुकड्यात जिकडेतिकडे खोटा रंग दिसतो. यकृत आणि मूत्रपिंड यांच्या पेशींत बायोटिन भरपूर असतं. बायोटिनवर आधारलेल्या जुन्या पद्धतीचं किट वापरलं तर यकृताच्या पेशी जवळपास कुठल्याही मार्करला बारीक दाणेदार तपकिरी रंग देतात. नव्या पॉलिमर पद्धतीत हा त्रास राहिलेला नाही. त्यामुळे यकृताच्या गाठीचे मार्कर असतील तर लॅब कुठली पद्धत वापरते हे विचारायला हरकत नाही. मेलेल्या, सडलेल्या पेशींचा भाग अँटिबॉडी शोषून घेतो. अँटिबॉडी गरजेपेक्षा तीव्र घेतली किंवा जास्त वेळ ठेवली, तरी मागची सगळी जमीनच पिवळट-तपकिरी होते. त्वचेच्या काळ्या गाठीत, म्हणजे मेलॅनोमात, पेशींचा स्वतःचाच रंग तपकिरी असतो. तिथे डॅबऐवजी लाल रंग देणारं रसायन वापरणं किंवा आधी मेलॅनिनचा रंग घालवणं हाच शहाणपणा.

एक दृश्य आम्ही पॅथॉलॉजीवाले वारंवार पाहतो. सुईने काढलेला बारीक लांबट तुकडा, त्याची कड गडद तपकिरी आणि मधला भाग फिका. रंगाच्या पाण्यातून काढलेलं कापड नीट खंगाळलं नाही की घडीच्या जागी रंग साचतो, तसंच हे. कडेला किंवा चकतीच्या सुरकुतीत द्रव्य साचतं, मध्येच चकती सुकली तर आणखी साचतं. चिमट्यात दाबून चेंगरलेल्या पेशीही असाच दगा देतात. अनुभवी डोळा कडेचा आणि चेंगरलेला भाग सोडून देतो आणि मधल्या शाबूत पेशींवरून निकाल देतो. तुकडा इतका लहान असेल की कडेशिवाय काही उरतच नाही, तर मोठा तुकडा मिळेपर्यंत निकाल राखून ठेवणं बरं. रिपोर्टमध्ये "तुकडा अपुरा, पुन्हा तपासावा" असं लिहिलेलं असेल तर चिडू नका. तसं लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट तुमचं नुकसान टाळत असतो.

हे सगळं लॅबमधलं झालं. माझ्या मते निम्मी लढाई त्याआधीच, तुकडा काढल्यापासूनच्या पहिल्या तासात, जिंकली किंवा हरली जाते. आणि तिथे घरच्यांना खरोखर काही करता येतं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात ऑपरेशन होतं आणि तुकड्याची बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन "पुण्याला लॅबमध्ये नेऊन द्या" असं सांगतात. ती बाटली म्हणजे तपासणीचा अर्धा भाग आहे. त्यात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन असायला हवं. नुसतं सलाइन नको, स्पिरिट नको. सलाइनमध्ये पेशी कुजू लागतात. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या तुकड्यात हर-टू खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, कारण या तपासणीचं सगळं मोजमाप फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यांवर बसवलेलं आहे. तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मलिन हवं. पूर्ण स्तन काढला असेल तर तो तसाच बाटलीत कोंबून चालत नाही. फॉर्मलिन साधारण तासाला एक मिलिमीटर या संथ गतीने आत मुरतं, म्हणून तो मध्ये कापून ठेवावा लागतो. हे काम ऑपरेशन करणाऱ्यांनी लॅबशी बोलून करायचं. तुम्ही मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवू शकता: "डॉक्टर, तुकडा फॉर्मलिनमध्येच जाईल ना? काढल्याची वेळ लिहून द्याल का?"

वेळ लिहिणं महत्त्वाचं आहे. ईआर, पीआर, हर-टू या तिन्हींसाठी नियम असा की तुकडा बाहेर काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि तिथे कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. शनिवारी ऑपरेशन झालं आणि बाटली मंगळवारी संध्याकाळपर्यंत घरात पडून राहिली, असं होऊ देऊ नका. बाटलीवर रुग्णाचं पूर्ण नाव, वय, कुठल्या बाजूचा, कुठला भाग, तारीख आणि वेळ हे सगळं ठळक लिहून घ्या. झाकण घट्ट लावून बाटली प्लास्टिकच्या पिशवीत उभी ठेवा. फॉर्मलिन विषारी असतं, त्यामुळे मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि वास घेऊन बघू नका.

आता दुसऱ्या प्रकारची फसगत. रंग तांत्रिकदृष्ट्या अगदी खरा असतो, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. माझ्या दृष्टीने ही जास्त धोक्याची, कारण स्लाइड दिसायला सुंदर असते आणि मनात शंकाच येत नाही. काखेतल्या लसिकाग्रंथीत कॅन्सर पोचला का, हे पाहायला सायटोकेरॅटिन लावतात. कॅन्सरच्या पेशी तपकिरी होतात हे खरं. पण ग्रंथीत मुळातच असलेल्या जाळीदार आधारपेशींपैकी काही याच मार्करला रंग घेतात. त्या एकेकट्या, फाटे फुटलेल्या दिसतात. कॅन्सरच्या पेशी बहुधा झुबक्याने, मोठ्या केंद्रकासकट दिसतात. रंग तोच, फरक फक्त आकाराचा. नुसता रंग पाहून "ग्रंथीत कॅन्सर आहे" लिहिलं तर बाईची अवस्था एका पायरीने वाढते आणि उपचारही वाढतात.

प्रोस्टेटमध्ये एएमएसीआर हा मार्कर कॅन्सरमध्ये पॉझिटिव्ह येतो, पण काही निरुपद्रवी बदलांतही येतो. म्हणूनच त्याच्याबरोबर पी-६३ सारखा मार्कर लावून तळाच्या पेशी शाबूत आहेत का हे पाहतात. त्या असतील तर सहसा कॅन्सर नाही. तोच पी-६३ फुप्फुसात फसवू शकतो. तिथे तो स्क्वॅमस कॅन्सर ओळखायला वापरतात, पण काही अॅडिनोकार्सिनोमाही त्याला रंग देतात, म्हणून आता पी-४० ला पसंती आहे. टीटीएफ-१ पेशीच्या केंद्रकात दिसायला हवा. यकृताच्या पेशींत त्याचा रंग कधीकधी केंद्रकाबाहेर दाणेदार उमटतो, त्याला फुप्फुसाची खूण मानायचं नसतं. अमुक अवयवासाठी शंभर टक्के खात्रीचा असा एकही मार्कर नाही. म्हणून दोन-तीन मार्करचा संच लावतात. एकाच मार्करवर मोठा निर्णय होत असेल तर थांबून विचारा.

आणखी एक अपघात होतो: दुसऱ्याच रुग्णाचा कण चकतीवर येऊन बसतो. चकत्या कापल्यावर त्या कोमट पाण्याच्या ट्रेवर तरंगवून स्लाइडवर घेतात. आधीच्या ब्लॉकचा एखादा कण त्या पाण्यात राहिला तर तो पुढच्या स्लाइडवर चढतो. कॅन्सरचा एकच सुटा कण, बाकीच्या तुकड्याशी न जुळणारा, वेगळ्याच पातळीवर बसलेला दिसला तर ही शक्यता आधी तपासायची. ब्लॉकमधून नव्याने चकत्या कापल्या की बहुतेक वेळा खुलासा होतो. तरी होत नसेल तर डीएनएवरून कण कोणाचा हे ठरवता येतं.

मग भरवसा ठेवायचा कशावर? कंट्रोलवर. प्रत्येक खेपेला लॅबने एक असा तुकडा रंगवायचा, ज्यात ते प्रथिन नक्की आहे, आणि एक असा, ज्यात ते नक्की नाही. दुसरा तुकडा तपकिरी झाला की त्या खेपेचे सगळे निकाल बाद. स्तनाच्या बायोप्सीत निसर्गाने एक कंट्रोल तिथेच ठेवलेला असतो: शेजारच्या निरोगी दूधनलिका. हर-टू लावल्यावर त्या नलिकांच्या पेशींचं आवरणही गडद होत असेल तर रंग जास्त चढलाय, निकाल देता येणार नाही आणि तपासणी पुन्हा करायला हवी. चांगल्या रिपोर्टमध्ये कंट्रोल समाधानकारक असल्याची ओळ असते, शिवाय अँटिबॉडीचा क्लोन, तुकडा कशात आणि किती वेळ ठेवला होता, किती टक्के पेशींना रंग आला आणि तो किती गडद होता हेही लिहिलेलं असतं. नुसतं "हर-टू पॉझिटिव्ह" एवढीच ओळ असेल तर तपशील मागा. तो मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे; कुठलाही जबाबदार पॅथॉलॉजिस्ट तो आनंदाने देईल.

हर-टूचे आकडे वाचता यायला हवेत. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. ३+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त आक्रमक कॅन्सरपेशींभोवती गडद आणि पूर्ण कडं, हे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे अनिश्चित. त्यावर लगेच उपचार सुरू करायचे नसतात, फिश किंवा तशी जनुकाची तपासणी करायची असते. इथे दोन चुका होतात. नलिकेच्या आतच असलेल्या, अजून बाहेर न पसरलेल्या कॅन्सरभागात हर-टू पुष्कळदा गडद असतं. आकडा देताना तो भाग मोजायचा नसतो, पण नजरचुकीने मोजला जातो. दुसरं म्हणजे पेशीच्या आतला रंग आवरणाचा समजला जातो. आणि एक ताळा तुम्हाला स्वतःलाही करता येईल. बायोप्सीत गाठ ग्रेड १ ची, किंवा ट्युब्युलर, म्युसिनस अशा सौम्य प्रकारची लिहिली आहे, ईआर-पीआर भरपूर पॉझिटिव्ह आहेत आणि तरीही हर-टू ३+ आलंय? या गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. अशा वेळी तपासणी पुन्हा करून घ्यावी, असं आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून ऑन्कॉलॉजिस्टना हा प्रश्न विचारा.

ईआरबाबत २०२० पासून एक भर पडली आहे. १ ते १० टक्के पेशींना रंग असेल तर त्याला "लो पॉझिटिव्ह" असं वेगळं नोंदवतात. इतक्या कमी रंगात खोटेपणाची शक्यता जास्त, म्हणून कंट्रोलची ओळ इथे आवर्जून शोधा.

हे वाचून कोणी "पॉझिटिव्ह म्हणजे खोटंच असेल" असं समजून औषध बंद केलं तर त्याहून मोठं नुकसान होईल. चूक उलट दिशेनेही होते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये १९९७ ते २००५ या काळात शेकडो स्त्रियांचे हार्मोन रिसेप्टरचे, म्हणजे ईआर-पीआरचे, निकाल चुकले. ज्या निगेटिव्ह ठरल्या होत्या त्यातल्या कित्येक जणी फेरतपासणीत पॉझिटिव्ह निघाल्या आणि त्यांना उपयोगी पडणारी गोळी मिळालीच नव्हती. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २००९ मध्ये आला. उपचार बदलायचा किंवा थांबवायचा तो डॉक्टरांशी बोलून, फेरतपासणीचा कागद हातात आल्यावरच.

लॅबमधल्या तंत्रज्ञांना एवढंच सांगेन: वीज गेली की फ्रिजचं तापमान बघा आणि लिहून ठेवा. अँटिबॉडी २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. नवी बाटली उघडली की तिची तीव्रता जुन्या ब्लॉकवर तपासूनच वापरा. आयएचसीसाठी साध्या स्लाइड वापरू नका, कोटेड घ्या. चकती सुटून उचलली गेली की खालून रंग साचतो. आणि निगेटिव्ह कंट्रोल पैसे वाचवायला कधीही गाळू नका.

फेरतपासणीसाठी लॅब निवडताना एनएबीएलची मान्यता आहे का, आणि आयएचसीसाठी बाहेरच्या गुणवत्ता तपासणीत लॅब भाग घेते का, हे दोन प्रश्न विचारा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयांत बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा पाहून मत देतात. तिथे जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, मार्करचा रिपोर्ट, रंगवलेल्या सगळ्या स्लाइड आणि मूळ ब्लॉक, चारही न्या. लॅब ब्लॉक देत नसेल तर लेखी अर्ज करा, किंवा निदान ताज्या कापलेल्या, न रंगवलेल्या चकत्या कोटेड स्लाइडवर मागा. न रंगवलेल्या चकत्या फार दिवस पडून राहिल्या तर रंग नीट येत नाही, म्हणून त्या लवकर पोचवा. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथल्या तिथे जुळवून घ्या, आणि मिळाल्याची, परत केल्याची पावती जपा. ब्लॉक मेणाचा असतो आणि हे मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, डॅशबोर्डवर, इतकी उष्णता सहज होते. म्हणून ब्लॉक गाडीत ठेवून जेवायला उतरू नका. डब्यात घालून हातातल्या पिशवीत, सावलीत ठेवा.